नवं कार्ड

जुन्या सेट-टॉप बॉक्सची कार्डं कंपनीने बंद केली, तेव्हा बहुतेक लोक नव्या कार्डाची महिनाभर निवांत वाट बघत बसले. या गृहस्थाने मात्र तीन दिवसांत अकरा फोन करून मेकॅनिकला भंडावून सोडलं होतं.

कार्ड घातल्यावर ते जुनं डबडं सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ गृहस्थाच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता, तोही चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. मग एकदम चित्र आलं आणि टीव्ही असा गरजला की मेकॅनिकच्या कानठळ्याच बसल्या. बॉक्सने जुना आवाज बरोबर लक्षात ठेवला होता, शंभरपैकी शंभर.

गृहस्थ गप्प झाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"अहो, एवढा आवाज कशाला?" मेकॅनिक ओरडला.

"आईसाठी हो! ठार बहिरी आहे ती. तेवढीच तिची करमणूक."

आईसाठी एवढा जीव टाकणारा मुलगा हल्ली बघायला तरी मिळतो का, असं मनाशी म्हणत मेकॅनिकने रिमोट तपासायला, नेहमीच्या सवयीने, आवाज पूर्ण बंद केला.



आतल्या खोलीतून लगेच बारीक हाक आली, "बाळा, टीव्ही बंद केलास ना रे? मग आता तरी बाहेरची कडी काढ."