हात कुठे चुकतो

बमरोलीच्या डाईंग मिलमध्ये हेमराजने पाण्याऐवजी वाफेचा वॉल्व्ह उघडला आणि सोबत काम करणाऱ्या चिंधाचा हात भाजला. शेठ भडकले. “आजच काढा त्याला!” “काढू,” चौकशी करणाऱ्या इंजिनिअर मृणालताई म्हणाल्या. “आधी तुम्ही पाणी सोडून दाखवा.” मशीन बंदच होतं. शेठ स्वतः मशीनवर राबून मालक झालेले. बोलता बोलता त्यांनी हात घातला, तो वाफेच्याच वॉल्व्हवर. दोन्ही शेजारी, दोन्ही हिरवे. शेठ ओशाळले. “मृणालबेन, वाफेचा वॉल्व्ह दूर बसवा, लाल रंगवा. हेमराज राहील.” मृणालताई कामगारांकडे वळल्या. “आणखी कुठे हात चुकतो? सांगा, कुणाची नोकरी जाणार नाही.” दुसऱ्या पाळीचा वाल्मिक पुढे आला. “ताई, परवा माझाबी हात तिथंच गेला व्हता. घाबरून बोललो नाही.” सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठनी स्टूल सरकवलं. “बस, भाई. सगळं सांग.”