माशाची भावकी

कूळ वेगळं निघालं, देवकही वेगळं निघालं, तेव्हा कुठे बिद्रीचे बाळासो खुर्चीत सैल बसले. भावकीत सोयरीक नको, एवढी एकच त्यांची अट होती. स्वप्नालीच्या जिवात जीव आला. तिने आणि बाळासोंच्या राजवीरने वर्षभर खटपट करून दोन्ही घरं कोल्हापुरातल्या तिच्या खोलीत समोरासमोर बसवली होती.

चहा घेता घेता बाळासोंनी सहज विचारलं, पोरगी कॉलेजात शिकवते ते काय. इथंच घात झाला. आपला विषय निघाला की स्वप्नालीला थांबता येत नसे. तिने कपाटातून प्लॅस्टरचा एक ठसा आणला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. हा बोटाच्या पेराएवढा मासा, ती म्हणाली. चीनमधल्या खडकात सापडला, पन्नास कोटी वर्षांहून जुना. याला जबडा नाही, हाड नाही. पण पाठीत एक मऊ दोरी आहे, पुढे तिच्या जागी कणा आला. कणा असलेल्या सगळ्यांचं मूळ हा, नाहीतर याचा कुणी भाऊबंद.

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली.

बाळासोंनी कपबशी खाली ठेवली. बेडूक, म्हैस, माणूस, सगळ्यांचं? ती हो म्हणाली. तुमचं आणि आमचंबी? खोटं बोलणं तिला जमेना.

"एक मूळ म्हटल्यावर ही भावकीच झाली की," बाळासो उठले. "पावणं, सोयरीक जमत न्हाय."

स्वप्नालीचे वडील ज्ञानू हात जोडून विनवू लागले, पोरीचं पुस्तकी बोलणं मनावर घेऊ नका. पुस्तकात हाय म्हणजे खरंच असणार, बाळासो म्हणाले. राजवीर मध्ये पडला, तर बहिणीची बाजू घेऊ नको म्हणून त्यालाच दटावलं. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बाळासोंची बायको बयाबाई आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. तिने तो ठसा उलटासुलटा करून पाहिला. माझ्या माहेरचंबी मूळ ह्योच का, तिने स्वप्नालीला विचारलं. स्वप्नालीने हो म्हणून मान हलवली. बयाबाईने ठसा जपून टेबलावर ठेवला, डोक्यावरचा पदर सावरला आणि नवऱ्याकडे वळली.

"चला दादा, घरला जाऊया."

बाळासो मागच्या मागं खुर्चीत बसले.

"पावणं," ते ज्ञानूंना म्हणाले, "साखर मागवा. पुडा आत्ताच फोडू."