रोज तीन चांगल्या गोष्टी

"रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, वाईट एकही नको. मन शांत राहील," असं समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. तिने वर्षभर नेमाने लिहिल्या.

आज ती बॅग घेऊन माहेरी आली. बाही वर करून वडिलांना दंड दाखवला. "बाबा, आता परत पाठवू नका."

बॅगेतली वही बाबांच्या हाती लागली. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'भाजी आवडली म्हणाले. हसून बोलले. स्वतः जाऊन मलम आणलं.' अगं, तुझ्या आईला मी जन्मात कधी मलम आणून दिलं नाही! भांड्याला भांडं लागायचंच. चल, ऊठ."



सासरी पोचल्यावर तिने वही उघडली आणि लिहिलं, 'बाबा दारापर्यंत सोडायला आले.'