मुकी पट्टी

टाळ्या थांबेनात. विटेक विंगेत आला तो थेट आईच्या चाकाच्या खुर्चीपाशी. वाकून त्याने तिचा चेहरा न्याहाळला. आई पडद्याच्या दोरीकडे बघत बसली होती.

“काही?” त्याने बहिणीला विचारलं.

“काय व्हायचंय?” ग्राझिना म्हणाली. “तू तिकडे पियानो बडवत होतास, ही इथे ती दोरी बघत होती. अरे, मी रोज हिला न्हाऊ-माखू घालते, तर माझ्याकडे तिकीट तपासनिसाकडे बघावं तशी बघते. तू तर वर्षातून दोनदा येणारा. तुला काय ओळखणार?”

हिवाळ्यात आई जिन्यात पडली. हाड जुळलं, पण बोलणं गेलं ते गेलंच. गळा शाबूत आहे, मनच मिटलंय, असं डॉक्टर म्हणाले. उद्या सकाळी तिला नन्सच्या वृद्धाश्रमात पोचवायचं ठरलं होतं. म्हणूनच विटेक हट्टाने तिला आज इथे घेऊन आला होता. तोरुनमध्ये, आपल्याच गावात, त्याची मैफल आणि आई घरी, हे त्याला सोसवलं नसतं.

“तिने ओळखलं तर नाही पाठवायचं,” तो म्हणाला.

“ओळखलं तर मरेपर्यंत सांभाळीन. पण माणसाला सांभाळीन रे. खुर्चीला किती दिवस जेवू घालू?” ग्राझिना बोलून गेली आणि तिने तोंड फिरवलं.

बाहेर लोकांनी ठेका धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वन्स मोअरला विटेक काय वाजवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जगभर तो शेवटी तेच वाजवी. अंगाईसारखी एक छोटी चाल, त्याने स्वतः लहानपणी बसवलेली. चाल हळूहळू चढते, सगळ्यांत गोड सुराशी येते, आणि तिथे विटेक बोट उचलून धरतो. सूर येतच नाही. मग चाल पुढे निघते. त्या रिकाम्या जागेवर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणाला तिच्यात देशाचं दुःख दिसलं, कुणाला मृत्यू, आणि पॅरिसच्या एका समीक्षकाला तर प्रत्यक्ष देव. विटेक कुणालाच खोडून काढत नसे. खरं सांगितलं असतं तर बिचाऱ्यांचा विरस झाला असता.

खरं एवढंच होतं, की घरच्या जुन्या पियानोची त्या सुराची पट्टी मुकी होती. बिस्किटांच्या कारखान्यात राबणाऱ्या आईने तो पियानो कुणाच्या तरी मोडक्या सामानातून उचलून आणला होता. दुरुस्ती तिच्या ऐपतीबाहेरची होती. मग विटेक त्या सुराशी आला, की स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता आईच तो सूर म्हणायची. कधी चुकली नाही. नळ चालू असला तर जरा ओरडूनच म्हणायची. पुढे त्याला एकाहून एक पियानो मिळाले, पण या चालीत त्या पट्टीवर बोट ठेवायला त्याचा हात धजला नाही. ती जागा आईची होती.

तो पियानोपाशी बसला. चाल चढली, सुराशी आली, त्याने बोट उचललं. विंगेतून काही आलं नाही.

दुसऱ्यांदा सुराशी येताना त्याने मान वळवून पाहिलं. बटण तुटलेल्या करड्या स्वेटरमध्ये आई तशीच बसली होती.

शेवटच्या वेळी त्याने बोट इतका वेळ उचलून धरलं, की मागच्या रांगेत कुणीतरी अवघडून खोकलं. विटेक थांबला. आणखी थांबला. मग त्याने चाल कशीबशी संपवली. अख्खं सभागृह उभं राहिलं. कुणाच्या तरी डोळ्यांना रुमाल लागला होता. त्याला मात्र त्या टाळ्या नकोशा झाल्या.

विंगेत ग्राझिना त्याचा कोट घेऊन उभी होती. या खेपेला ती डाफरली नाही.

“चल रे,” ती म्हणाली. “हिला थंडी वाजेल.”

विटेक गुडघे टेकून बसला आणि आईच्या पायांवरची शाल नीट करू लागला.

“एवढा मोठा पियानो,” आई म्हणाली.

ग्राझिनाच्या हातातला कोट खाली पडला.

“एवढा मोठा पियानो, विटेक, आणि पट्टी तीच मुकी?” आवाज गंजलेला होता, पण त्यातली नाराजी जुनीच होती. “दाखव की कुणालातरी.”

रडू आवरत विटेकने विचारलं, “मग तू का नाही म्हणालीस, आई?”

आईने पडद्याच्या फटीतून उभ्या सभागृहाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“एवढ्या माणसांत? आणि ग्राझिनाने मला हा असला स्वेटर चढवलाय!”

मग तिने विटेकचा कान धरून त्याचं डोकं जवळ ओढलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तेवढा एक सूर म्हणून टाकला.