पाटीचे माप

कडूबाईने नवी पाटी उचलली, दोन्ही हात फाकवून तिचे काठ धरून पाहिले आणि ती पुंजाराम बुरुडाच्या पायांपाशी आपटली.

"ही कुनाच्या मापाची?"

शेवगावच्या पूर्वेला पाझर तलावाचे दुष्काळी काम चालू होते. त्या सकाळी पुंजारामने तिथे गाडीभर नव्या पाट्या आणून उतरवल्या होत्या. माती भरण्याचे सोडून बायका भोवती जमल्या. त्यांत त्याची बायको लंकाबाईही होती.

गावात पाटी विणण्याची एक रीत होती. नवी सून बुरुडाच्या दाराशी जाई. तो बांबूच्या कांबीने तिचा हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजी आणि त्या मापावर पाटीचे तोंड बांधी. पाटी डोक्यावर असताना तिचे दोन्ही काठ हातांत आले, तरच बाईला आपले ओझे आपण ओतता येते. कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. रीतीचा अर्थ एवढाच होता आणि तो पुरेसा होता.

"बोला की, पुंजाबा. माजा हात तुमीच मोजलाय. ही माजी न्हाई. ह्या मुक्ताचीबी न्हाई. मग कुनाची?"

पुंजारामने बाजूला ठोकलेल्या कापडी पालाकडे पाहिले. पालाच्या सावलीत सहादेव मुकादम विडी ओढत बसला होता. उत्तर त्यानेच दिले. त्यात लपवण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटलेच नाही.

"माज्या हाताची!" बाही सारून त्याने आपला लांबलचक, केसाळ हात उंचावला. "रोजाचा पैका त्योच, खेपा त्याच, मग माती जास्ती नको पडायला? सगळ्या एका मापाच्या. बगा, कशा झ्याक दिसत्यात!"

"हात तुजा, तर टकुरंबी तुजंच लाव खाली," कडूबाई म्हणाली.

कोणीतरी हसले. ते हसू लगेच विरले, कारण ती पुन्हा बुरुडाकडे वळली होती.

"त्याचं सोडा. त्यो मुकादमच हाय. इनली तुमी."

पुंजारामचा संताप उसळला तो या शब्दांवर.

"इनली! मग काय करू? वरीस झालं, तुमच्यातल्या एकीनं तरी सूप नेलं का माज्याकडनं? घरात पाखडायला दाना न्हाई, सूप नेऊन करनार काय? बांबू ह्यानं दिला, काम ह्यानं दिलं. माप मातुर तुमचं पायजे!"

"दाना न्हाई म्हनून हात लांबले व्हय आमचे?"

"चार बोटांचा फरक, आन् केवढा बोभाटा!" त्याने पटका सोडून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. "भरा ती पाटी. काठोकाठ भरा. नेऊनच दावतो."

त्यांनी भरली, काठोकाठच भरली. कडूबाईने आणि मुक्ताने ती त्याच्या डोक्यावर चढवली. पुंजाराम ठेंगणा होता, पण हट्टाला कमी नव्हता. तलावाच्या बांधाचा चढ तो कोठेही न थांबता चढला, कडेशी उभा राहिला आणि पाटी ओतण्यासाठी त्याने हात वर केले.

त्याची बोटे पाटीच्या पोटावरून वर सरकली आणि काठाच्या खालीच थांबली. टाचा उंचावूनही उपयोग नव्हता, कारण टाचांबरोबर पाटीही उंच होत होती. मान कलवावी तर मोडेल. वाकावे तर ओझ्यासकट उतारावरून खाली जावे लागेल.

"टाक की रं!" मुकादम पालातून ओरडला. तो उठला मात्र नाही.

खाली एकही बाई हलली नाही. पुंजारामच्या मानेची शीर तटतटून फुगली, पोटऱ्या थरथरू लागल्या. अखेर लंकाबाईने पदर खोचला आणि ती बांध चढू लागली. ही आता हात लावणार, असेच सर्वांना वाटले. ती नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचे हात कमरेवरच होते.

"हाक मारा," ती म्हणाली, "तुमच्या मुकादमाला."

पुंजारामने हाक मारण्यासाठी तोंड उघडले. विणीच्या फटींतून गळणारी कोरडी माती त्याच्या जिभेवर पडली.