काट्यावरची चौकशी

"वीस सेकंद," निशा म्हणाली. "पासपोर्ट ठेवायचा, बोट टेकवायचं, गेट उघडतं. लाईन नाय, शिक्का नाय. तू ये मागून, आजीला धरून, सावकाश."

"मला कशाला धरायला पायजे?" जानकीबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "मी काय पलून जातंय?"

उन्नतीने पोहे संपवले आणि ताटली जरा जोरातच ठेवली.

मे महिन्यात अख्खं म्हात्रे घराणं दुबईला जाणार होतं. अकरा माणसं. त्यातल्या निशा आणि उन्नती या दोघींनीच सरकारच्या त्या नव्या योजनेत नाव घातलं होतं. आधीच माहिती तपासून ठेवतात, मग विमानतळावर वेगळं गेट, गर्दीचा प्रश्नच नाही. उन्नतीने उत्साहात नव्या टॉवरचा पत्ता टाकला, पासपोर्टवर काल्हेरचं जुनं घर. पत्ता जुळेना, अर्ज परत. निशाने नीट जुनाच टाकला होता.

निशा नेहमी नीटच करते. उन्नतीहून पाच महिन्यांनी मोठी, एवढंच. पण त्या पाच महिन्यांच्या जोरावर स्कूटी आधी तिला, गॅलरीवाली खोली तिला, गाडीत खिडकीही तिलाच. वर थोरल्या काकांची मुलगी. म्हात्र्यांकडे सगळं थोरल्याच्या नावाने चालायचं. गोदामांवर पाटी केसरीनाथ म्हात्रे, वजनकाट्यावर पाटी केसरीनाथ म्हात्रे. तीन आठवड्यांपूर्वी उन्नतीचा लग्नाचा बायोडाटा कोन गावाला गेला, त्यावरही संपर्क म्हणून काकांचंच नाव.

"बाबा, तुम्ही आहात ना अजून?" तिने विचारलं होतं.

चांगदेव हसले होते. "रीत हाय बाय. घर एकच, दार एकच. विचारणारा दादाच्याच नावाने विचारतो."

कोनचा विपुल मस्कतला नोकरीला होता. बघायला आला तेव्हा त्याने चहा बशीत ओतून प्यायला, आणि उन्नतीचा निर्णय तिथेच झाला. आता रोज मेसेज चालायचे. त्याचं ते गेटवालं काम कधीच झालं होतं. 'तुझंही करून टाक,' त्याने लिहिलं होतं, 'दोघं एकदमच बाहेर पडू. माझं तर ठरलंय. मोठ्यांचं झालं की कळवतो.'

त्या 'दोघं एकदमच'वर उन्नती आठवडाभर जगली होती. अर्ज परत आल्याचं तिने त्याला अजून सांगितलं नव्हतं.

"माझीही चौकशी राहिली असेल म्हणा," निशा केस बांधत म्हणाली. "पासपोर्टच्या वेळी नाय का, पोलीस शेजारी विचारून गेले होते? तसं कोणीतरी येईल. काट्यावर आला तर नीट बोल हां."

"बोलते ना," उन्नती म्हणाली.

दुपारी, उन्नती पावत्या काढायला बसायची त्या वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. धूळ अशी, की उन्नतीने ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळून घेतली होती. ड्रायव्हर यायचे, "मॅडम, पर्ची," म्हणायचे आणि जायचे.

तीनच्या सुमाराला एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, काळे बूट, काखेत फाईल.

"केसरीनाथ म्हात्र्यांच्या घराची जरा चौकशी करायची होती," ते म्हणाले. "तुम्ही नात्यातल्या का?"

उन्नतीचा हात कीबोर्डवरच थांबला.

"नाय. मी इथे कामाला."

"मग उत्तम. नात्यातली माणसं गोडच बोलतात." ते खुर्चीवर बसले. "मुलगी परदेशात जायची आहे. आधी विचारलेलं बरं. स्वभाव कसा?"

सरकारला स्वभावाशी काय करायचंय? पण सरकारला सगळंच लागतं. उन्नती चांगलंच सांगणार होती. दहावीला गणितात आपल्याला पास कोणी केलं? निशाने. कावीळ झाली तेव्हा उशाशी कोण बसलं? निशाच.

इतक्यात फोन वाजला. निशाचाच मेसेज. काचेच्या गेटचा फोटो, खाली लिहिलेलं: 'वीस सेकंद. तू ये सावकाश.'

उन्नतीने फोन पालथा ठेवला.

"स्वभाव ना," ती म्हणाली. "तोंडावर गोड. घरात मात्र कोणाचं ऐकायची नाय."

"अस्सं. आणि परदेशाचं? नियमाने राहील?"

"राहील की. तिकडेच राहील." उन्नतीने आवाज खाली आणला. "तिकडं तिचं कोणीतरी आहे म्हणतात. आपल्यातला नाय. एकदा गेली की परत यायची नाय, असं अख्खं काल्हेर बोलतं."

बोलली आणि तिचं तिलाच वाटलं, जरा जास्त झालं. पण गृहस्थांनी मान हलवली होती.

"घरच्यांना माहीत आहे?"

"माहीत असून गप. तुम्ही माझं नाव घेऊ नका हां, नोकरी जाईल."

"छे छे." त्यांनी तिने पुढे केलेलं पाणी घेतलं, सावकाश प्यायले. बाहेर ट्रकने हॉर्न दिला. उन्नतीला एकदम हलकं वाटत होतं. मे महिन्यात निशा लाईनीत उभी दिसत होती, आजीला धरून.

"तुमच्यासारखं खरं सांगणारं माणूस हल्ली मिळत नाही, ताई." गृहस्थ उठले, फाईल काखेत घातली आणि दारात जरा थांबले. "बरं झालं आलो. आमचा भाचा तर ऐकायलाच तयार नव्हता. म्हणतो, मामा, चौकशी कसली करता, लग्न करीन तर उन्नतीशीच."