अर्धी ओळ

"तोंड उघडा," वसुधाकाकू म्हणाल्या.

गिरीशकाकांनी उघडलं. नैवेद्यावर तुळस ठेवावी तसा काकूंनी सुपारीएवढा खडीसाखरेचा खडा त्यांच्या जिभेवर ठेवला.

"हा विरघळेपर्यंत मिटून बसायचं. विरघळला तर पर्समध्ये दुसरा आहे."

काकांनी मान डोलावली. प्लेनोच्या त्या सभागृहात एसी असा होता की लोक स्वेटर घालून बसले होते, तरी त्यांच्या मानेला घाम सुटला होता. पस्तीस वर्षं त्यांनी इथंच टेक्सासमध्ये लोकांची हृदयं उघडून शिवली, हात कधी कापला नाही. आज मात्र गळ्यातला निळा बिल्ला त्यांच्या बोटांत सारखा फिरत होता. त्यावर लिहिलं होतं, मॉरिशस.

बावीस देशांच्या मुलांची ही गाण्याची स्पर्धा. मॉरिशस अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोचलं होतं, आणि अख्खा मॉरिशस म्हणजे अकरा वर्षांची आन्या. तिच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. तिला शिकवणारे श्रीरामगुरुजी ऐन वेळी पाय मोडून घरीच अडकले, म्हणून ती ज्यांच्याकडे उतरली त्या काका-काकूंचीच नावं टीममध्ये घातली गेली.

गोची तिथंच होती. गुरुजी कीर्तनकार. त्यांनी आन्याला शिकवलं ते कीर्तनातलं पद, कीर्तनाच्याच रीतीनं. बुवांनी ओळ अर्धी म्हणायची आणि सोडायची. मागं टाळ घेऊन उभे असलेल्यांनी ती उचलून पुरी करायची. कीर्तनात ओळ कधी एकट्याची नसते. आणि काका जन्माचे कीर्तनवेडे. उपांत्य फेरीत आन्यानं सवयीनं ओळ अर्धी सोडली, अन् चौथ्या रांगेतून काकांनी ती उचलली. गाऊन झाल्यावरच त्यांना कळलं की आपण गायलो.

तक्रार केली नीनानं. ती कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराची. तिचा मुलगा सौमित्र अमेरिकेकडून गात होता.

"तिनं ओळ सोडली आणि तुम्ही उचललीत, काका," आवाज न चढवता ती लॉबीत म्हणाली होती. "माझा सौमित्र स्टेजवर एकटा उभा राहतो. हिला मात्र तुमची हेल्प. हे फेअर आहे का?"

"अगं, मुद्दाम नाही गं. कीर्तनात ना, असं असतं की..."

"मला कीर्तन नका शिकवू. माझं सगळं लहानपण त्यात गेलंय. ते सोडूनच मी इथं आले."

तिनं नियम लेखी करून घेतला. दुसऱ्याच दिवशी सगळ्या टीमना ईमेल आला: टीममधल्या कोणीही प्रेक्षकांतून सूर लावला, तर ती टीम बाद. अपील नाही.

मग काकांच्या डायनिंग टेबलाशी दोन दिवस तालीम चालली. दोन्ही अर्ध्या ओळी आन्यानंच म्हणायच्या. "आय गॉट इट, काका," ती म्हणायची. पण आज सकाळी ती पुन्हा मध्येच थांबली.

"काय झालं गं?"

"सॉरी. देअर इज ऑलवेज समवन," ती म्हणाली. "मागे. नेहमी कोणीतरी असतं."

सौमित्र गाऊन गेला. एक सूर इकडचा तिकडे नाही. फलकावर अमेरिका पहिली आली. आता फक्त आन्या उरली होती.

नीना त्यांच्याच मागच्या रांगेत, डाव्या हाताला बसली होती. सौमित्र येऊन तिच्या शेजारी टेकला. काकू वळून म्हणाल्या, "छान गायला हो सौमित्र."

"अजून एक राहिलंय, काकू." नीनाची नजर काकांच्या फुगलेल्या गालावर गेली. "काकांना काय झालं?"

"दाढ दुखतेय त्यांची."

आन्या आली. चपला तिनं विंगेतच काढल्या होत्या. रेकॉर्ड केलेला तबला सुरू झाला, आणि तिनं हात जोडून आवाज लावला.

"सात सागर ओलांडले मी, विठू आला मागे मागे..."

पहिल्यांदा पुरी ओळ. दुसऱ्यांदाही पुरी. काकांनी श्वास सोडला. तिसऱ्यांदा सूर वर चढला, तिचे डोळे मिटले.

"सात सागर ओलांडले मी..."

आणि ती थांबली.

तबला पुढं चालला. एक आवर्तन गेलं. परीक्षकांनी माना वर केल्या. आन्यानं डोळे उघडले, अंधारात काकांना शोधू लागली. काकांच्या गळ्याशी ती ओळ येऊन थांबली होती. त्यांनी खडा टाळूला दाबून धरला. काकूंची नखं त्यांच्या मनगटात रुतली.

"विठू आला मागे मागे..."

ओळ उचलली गेली. मोठ्यानं नाही, तबल्यात आवाज कुणाचा ते कळेना, पण अगदी समेवर. आन्याचा चेहरा उजळला. तिनं पुढचं कडवं घेतलं.

हेडफोन लावलेली व्यवस्थापक बाई अंधारातून तडक काकांपाशी आली आणि वाकली. "सर?"

काकांनी गळ्यातला बिल्ला मुठीत धरला. मागच्या वेळीही आपल्याला कळलं नव्हतं. पोरीचं गाणं आपण बुडवलं. तिच्या गुरुजींना काय तोंड दाखवायचं? त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंचे ओठ घट्ट मिटलेले. मग काकांची जीभ खड्याला लागली. खडा टाळूला तसाच चिकटलेला होता.

त्यांनी बाईपुढं तोंड उघडून दाखवलं.

तेवढ्यात स्टेजवर आन्यानं पुन्हा ओळ अर्धी सोडली. या वेळी न घाबरता, हसत. आणि पुन्हा ती उचलली गेली.

काका आणि ती बाई एकदमच मागं वळले.

सौमित्र आईची बाही ओढत होता. गळ्यात अमेरिकेचा बिल्ला, डोळे मिटलेले, हातांत नसलेले टाळ वाजवत नीना उभी होती, आणि ओळ पुरी करत होती.